छोट्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: भाडं किती ठेवायचं आणि आलेलं भाडं कुठे गुंतवायचं

एक-दोन फ्लॅट किंवा एखादा गाळा भाड्याने देणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. करार आणि सोसायटीबद्दलची उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. उदाहरणांतली भाडी आणि किमती हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

१. माझ्या फ्लॅटचं भाडं किती ठेवावं हे कसं ठरवू?

तुमच्याच सोसायटीत गेल्या तीन-चार महिन्यांत प्रत्यक्ष करार झाले, ते किती भाड्याला झाले हे आधी विचारा. संकेतस्थळांवर दिसतात ते मालकांनी मागितलेले आकडे. करारात बहुतेक वेळा त्याहून कमी आकडा येतो. खरी माहिती सेक्रेटरीकडे, वॉचमनकडे आणि त्या भागातल्या एजंटांकडे असते. एजंट निदान दोन तरी विचारा, कारण एकाचं मत त्याच्या हातात त्या आठवड्यात असलेल्या गिऱ्हाइकावर अवलंबून असतं.

मग आपल्या घराचे गुणदोष त्या आकड्यात धरा: मजला, लिफ्ट, झाकलेलं पार्किंग, स्टेशन किंवा मेट्रो किती लांब आणि सगळ्यात आधी पाणी. पुण्यातल्या वाघोली, उंड्रीसारख्या भागांत अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. तिथे चोवीस तास पाणी असलेल्या घराला लोक आनंदाने जास्त भाडं देतात. पाणी कमी असेल तर ते लपवू नका. फसवणूक झाल्यासारखं वाटलेला भाडेकरू मार्चमध्येच घर सोडतो आणि तुम्ही पुन्हा शून्यापासून सुरू करता.

२. माझा हप्ता ३८,००० आहे आणि भाडं २४,००० च येतं. भाडं हप्त्याएवढं करायला काय करावं?

काहीही करून ते होणार नाही. हप्ता तुम्ही घर किती किमतीला, किती कर्ज काढून आणि किती व्याजाने घेतलं यावर ठरतो. भाडं ठरतं ते त्या भागात राहू पाहणाऱ्या माणसाचा पगार किती आणि शेजारचा फ्लॅट केवढ्याला मिळतो यावर. आपल्या शहरांत राहत्या घरांचं वार्षिक भाडं घराच्या किमतीच्या साधारण २ ते ४ टक्के असतं आणि गृहकर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून जवळजवळ प्रत्येक नव्या मालकाला ही तफावत सोसावी लागते. ती भरून निघावी म्हणून भाडं चढवून मागितलं तर घर रिकामं राहतं आणि तफावत आणखी वाढते.

३. चांगलं भाडं मिळेपर्यंत घर रिकामं ठेवणं परवडतं का?

हा हिशेब प्रत्येक मालकाने एकदा कागदावर करावा. २४,००० ला आज भाडेकरू तयार आहे, तुम्हाला २६,००० हवेत. २६,००० देणारा एका महिन्याने मिळाला तर वर्षात ११ महिन्यांचे २,८६,००० आले. आजच दिलं असतं तर १२ महिन्यांचे २,८८,००० आले असते. म्हणजे एकच महिना थांबलात तरी पहिल्या वर्षात २,००० चा तोटा. दोन महिने थांबलात तर २८,००० चा. शिवाय रिकाम्या घराचा मेंटेनन्स तुमच्याच खिशातून जातो.

थांबावं अशी वेळ एकच: आलेला माणूस योग्य वाटत नाही तेव्हा. पैशासाठी नव्हे, माणसासाठी थांबा.

४. सगळा खर्च जाऊन घरातून खरंच किती टक्के सुटतात?

समजा फ्लॅटची आजची किंमत ८० लाख आणि भाडं २४,०००. वर्षाचे २,८८,००० म्हणजे ३.६ टक्के. आता त्यातून वजा करा: एक महिना रिकामा धरून २४,०००, मेंटेनन्स ३६,०००, मिळकतकर १५,०००, अर्ध्या महिन्याची दलाली १२,०००, रंग-नळ-वायरिंगसाठी १५,०००. उरले १,८६,०००, म्हणजे २.३ टक्के. आयकर अजून बाकीच आहे (प्रश्न १०).

हा टक्का घर घेतलेल्या किमतीवर काढू नका. 'मी वीस लाखाला घेतलं होतं, मला चौदा टक्के पडतात' असं बरेच जण सांगतात. पण आज ते घर विकलं तर हातात येणारी रक्कम ८० लाखांच्या आसपास असेल आणि आज अडकलेले पैसे तेवढे आहेत. प्रश्न १३ पासून पुढचं सगळं या आकड्यावर उभं आहे, म्हणून तो प्रामाणिकपणे काढा.

पुण्याच्या वाचकांसाठी: मालक स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती सवलत लागू राहत नाही. भाडं ठरवताना वाढलेल्या कराचा आकडा धरा.

५. दरवर्षी किती वाढ मागावी? कायद्याने ४ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही असं ऐकलंय.

ती ४ टक्क्यांची वाढ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये आहे, पण ती जुन्या संरक्षित भाडेकरूंच्या बाबतीत. लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीच्या कराराने, दिलेल्या घराला ती लागू नाही. तिथे करारात लिहाल ती वाढ. चलनात ५ ते १० टक्के आहे आणि ती सुरुवातीलाच करारात आकड्याने लिहून टाकावी. म्हणजे अकराव्या महिन्यात वाद होत नाही.

६. भाडेकरू फार चांगला आहे, पण बाजारभाव माझ्या भाड्यापेक्षा ३,००० ने वर गेलाय. बदलू का?

वर्षाचे ३६,००० जास्त मिळतील. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा, दलाली, रंग, सफाई, नवा करार यांत ते पहिल्याच वर्षी संपतात आणि नवा माणूस कसा निघेल हे कोणी सांगू शकत नाही. अर्धी तफावत मागा, कारण सांगून मागा आणि दोन महिने आधी मागा. वेळेवर पैसे देणारा, नळ गळला तर स्वतः प्लंबर बोलावणारा भाडेकरू मिळाला असेल तर त्याच्यासाठी हजार-दीड हजार सोडणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. तफावत भाड्याच्या चौथा हिस्सा झाली असेल, तर मात्र मोकळेपणाने बोलून घ्या.

७. डिपॉझिट किती घ्यावं? हेवी डिपॉझिटवर घर देणं बरं का?

पुण्या-नाशकात दोन-तीन महिन्यांचं भाडं, मुंबई-ठाण्यात त्याहून जास्त, असा रिवाज आहे. रक्कम बँकेतूनच घ्या आणि वेगळ्या मुदतठेवीत ठेवा. ते पैसे तुमचे नाहीत. डिपॉझिट खर्च करून बसलेला मालक भाडेकरू निघाल्यावर नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटची वाट पाहत बसतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

हेवी डिपॉझिटमध्ये भाडं नाममात्र आणि ठेव काही लाखांची असते. आमचं मत विरुद्ध आहे. मुदत संपल्यावर एवढी रक्कम एकरकमी परत करावी लागते आणि ती मिळेपर्यंत भाडेकरू ताबा सोडत नाही.

८. ११ महिन्यांचा करार नोटरी केला तर चालतो ना?

महाराष्ट्रात नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याहून मोठी अडचण पुढे येते: नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. २४,००० भाडं, ७२,००० डिपॉझिट, ११ महिने असतील तर बेरीज २,७०,६०० येते आणि शुल्क सातशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटची फी. दोघांचं आधार आणि अंगठ्याचे ठसे घेऊन हे काम घरी बसून ऑनलाइन होतं.

करारात निदान या गोष्टी आकड्यांसह लिहा: भाड्याची तारीख, वाढ, लॉक-इन (करार मोडता येणार नाही तो सुरुवातीचा काळ), नोटिशीची मुदत, रंगाचा खर्च कोणाचा, वीजबिल कोणाचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्या आणि पोचपावती जपून ठेवा.

९. सोसायटी म्हणते भाडेकरू ठेवायला परवानगी लागेल आणि जादा मेंटेनन्स द्यावा लागेल. खरं आहे का?

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीला आधी कळवणं आणि कराराची प्रत देणं पुरेसं आहे. जादा शुल्काला बिनभोगवटा शुल्क म्हणतात. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या (वॉचमन, सफाई, सामायिक वीज अशा सेवांचा खर्च) १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि हे १० टक्के संपूर्ण मेंटेनन्सवर नव्हे, तर त्यातल्या फक्त सेवाशुल्कावर लागतात. बिलातल्या ओळी वेगळ्या करून बघा. बऱ्याच ठिकाणी हिशेब चुकीच्या आकड्यावर झालेला असतो.

१०. भाड्यावर आयकर किती लागतो?

पूर्ण भाड्यावर लागत नाही. प्रत्यक्ष आलेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला तुम्ही शून्य खर्च केला असला तरी. प्रश्न ४ चंच उदाहरण घ्या: आलेलं भाडं २,६४,०००, मिळकतकर जाऊन २,४९,०००, त्याचे ३० टक्के जाऊन करपात्र उत्पन्न १,७४,३००. दलाली, दुरुस्ती आणि मेंटेनन्स त्या ३० टक्क्यांतच आले, त्यांची वेगळी वजावट नाही. म्हणून मेंटेनन्स भाडेकरूने थेट सोसायटीला भरायचा असेल तर करारात भाडं आणि मेंटेनन्स वेगवेगळे लिहा.

गृहकर्जाचं व्याज भाड्याने दिलेल्या घरासाठी दोन्ही करपद्धतींत वजा होतं. फरक तोट्यात आहे, म्हणजे व्याज भाड्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालं तर. जुन्या पद्धतीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही. मोठं कर्ज असलेल्यांनी नवी पद्धत निवडण्याआधी दोन्हीकडे हिशेब मांडून बघावा.

भाडं दाखवलं नाही तर कळत नाही, हा समज सोडा. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं देणारा नोकरदार घरभाडे भत्त्याची सूट घेताना तुमचा पॅन देतो.

११. भाडेकरू म्हणतो टीडीएस कापणार. आणि मी परदेशात असेन तर?

महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त भाडं देणाऱ्या साध्या व्यक्तीलाही टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच त्यातून कापून सरकारला भरायचा कर, कापावा लागतो. दर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के आहे. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का, एवढं तपासा.

दुबई, लंडन, न्यू जर्सीत राहून ठाण्या-पुण्यातलं घर भाड्याने देणाऱ्यांचा नियम निराळा. मालक अनिवासी असेल तर ५०,००० ची मर्यादा नाही. भाडं १५,००० असलं तरी भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापायचे असतात. भाडेकरूला हे आधीच सांगा, कारण न कापल्याची जबाबदारी त्याच्यावर येते. प्रत्यक्ष कर कमी बसणार असेल तर कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मागता येतं, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा घ्यायचा.

१२. फ्लॅट नाही, दुकानाचा गाळा आहे. जीएसटी लागतो का?

राहण्यासाठी दिलेल्या घराला, भाडेकरू जीएसटीत नोंदलेला नसेल तर, लागत नाही. गाळ्याला १८ टक्के दर आहे. पण तुमची एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून एक बदल झाला: मालक नोंदलेला नाही आणि भाडेकरू नोंदलेला आहे, तर कर भाडेकरूने स्वतः सरकारला भरायचा. कंपोझिशन योजनेतले (उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणारे) व्यापारी यातून वगळले आहेत. त्यामुळे भाडेकरू 'माझ्यावर कर पडतो, भाडं कमी करा' म्हणाला तर आधी विचारा की त्याला त्या कराचं क्रेडिट मिळतं का, म्हणजे तो कर स्वतःच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करता येतो का. मिळत असेल तर त्याचं नुकसान नाही.

१३. पहिला फ्लॅट चांगला चाललाय. भाडं साठवून दुसरा घेऊ का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि आमचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. राहतं घर आणि भाड्याचा एक फ्लॅट असलेल्या नोकरदाराचा बहुतांश पैसा आधीच एका शहरात, कित्येकदा एकाच उपनगरात आहे. तिसरं घर घेतलं की तो त्याच टोपलीत आणखी भरतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आयटी कंपन्यांनी घरून काम सुरू केलं, तेव्हा पुण्याच्या हिंजवडी-वाकड पट्ट्यातली मुलं सामान घेऊन गावी गेली. ज्यांचे दोन-तीन फ्लॅट तिथेच होते त्यांचे सगळे एकदम रिकामे झाले. हप्ते मात्र चालू राहिले आणि घर विकून मोकळं व्हावं तर गिऱ्हाईक नव्हतं. फ्लॅटची एक खोली विकून मुलीची फी भरता येत नाही.

म्हणून पहिल्या भाड्याच्या घरानंतरचा पुढचा रुपया घराबाहेर जावा, असं आम्ही ठामपणे सांगतो. अपवाद एक: कर्ज न काढता घेता येत असेल, दुसऱ्या शहरात असेल आणि पुढे स्वतः किंवा मुलांनी राहायचं ठरलेलं असेल.

१४. मग भाड्याचे पैसे कुठे ठेवू?

पहिल्यांदा सहा महिन्यांचा हप्ता, मेंटेनन्स आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम बँकेत. भाडं थांबलं तरी झोप लागावी म्हणून. वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर ती त्याच्याही आधी.

मग वय पाहा. चाळिशीच्या आत असाल तर दर महिन्याच्या भाड्याचा मोठा भाग निफ्टी ५० सारख्या (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा) निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने, घाला. यात चढउतार मोठे असतात. निफ्टी जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या आसपास होता आणि २३ मार्चला ७,६०० च्या आसपास. त्या घसरणीत विकणार असाल तर या वाटेला जाऊ नका. निदान सात-आठ वर्षं हात न लावण्याचेच पैसे इथे घाला. सोबतीला पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), वर्षाला दीड लाखापर्यंत, पंधरा वर्षं. सोनं थोडं असावं, पण घडणावळ देऊन केलेले दागिने गुंतवणुकीत धरू नका.

साठी ओलांडलेल्यांना, ज्यांचं घर भाड्यावरच चालतं, त्यांना दुसरं नियमित उत्पन्न आधी लागतं: ज्येष्ठ नागरिक बचत योजना (३० लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला) आणि पोस्टाची मासिक उत्पन्न योजना (एकट्याच्या नावे ९ लाख, संयुक्त १५ लाख).

१५. गावातली पतसंस्था बँकेपेक्षा दीड टक्का जास्त देते. तिथे ठेवू?

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. संचालक ओळखीचे असले तरी नाही. डिपॉझिटची रक्कम (प्रश्न ७) आणि अडीअडचणीचा पैसा तिथे मुळीच ठेवू नका. सहकारी बँकेतही ५ लाखांची मर्यादा पाळा.

१६. मालमत्तेतच गुंतवायचं आहे, पण भाडेकरूंची कटकट नको. रीट कसं असतं?

रीट मोठ्या ऑफिस इमारती किंवा मॉल भाड्याने देतं आणि त्याची युनिटं शेअर बाजारात मिळतात. देशातलं पहिलं, एम्बसी ऑफिस पार्क्स, २०१९ मध्ये बाजारात आलं. ऐरोलीत आणि पुण्यात इमारती असलेलं माइंडस्पेस २०२० मध्ये. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे निदान ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली आणि उत्पन्न देणारी हवी आणि वाटपयोग्य रोख रकमेतली ९० टक्के युनिटधारकांना द्यावी लागते. थोड्या रकमेने सुरुवात होते आणि हवं तेव्हा थोडं विकता येतं. लक्षात ठेवा, युनिटचा भाव रोज हलतो आणि ही मालमत्ताच आहे. घरं असलेल्या माणसाने यात थोडंच घालावं.

१७. जुना फ्लॅट विकून पैसे दुसरीकडे गुंतवले तर कर किती जाईल?

दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाची सूट न देता. पण त्या तारखेआधी घर घेतलेल्या निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला जुना हिशेबही खुला आहे: निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून २० टक्के. दोन्हींतला कमी कर भरायचा.

फरक किती पडतो बघा. २००९-१० मध्ये ३० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकला. नव्या पद्धतीने ५० लाखांच्या नफ्यावर ६.२५ लाख. जुन्या पद्धतीने निर्देशांक १४८ वरून ३७६ वर गेला, म्हणून खरेदी ७६.२ लाख धरली जाते, नफा ३.८ लाख आणि कर सुमारे ७६ हजार. (दोन्हींवर उपकर वेगळा.) ही निवड अनिवासी मालकांना नाही.

विकावं की नाही, याचं उत्तर प्रश्न ४ च्या टक्क्यात आहे. दोन-सव्वादोन टक्के सुटत असतील, इमारत जुनी असेल आणि पुनर्विकासाचं काही चिन्ह नसेल, तर विकण्याचा विचार जरूर करा.

१८. फ्लॅट मी माझ्या पैशातून बायकोच्या नावावर घेतला. भाडं तिच्या उत्पन्नात दाखवलं तर कर वाचेल?

नाही. मोबदला न घेता पत्नीला दिलेल्या घराचं उत्पन्न कायद्याने तुमचंच धरलं जातं. तिने स्वतःच्या कमाईतून किंवा माहेरच्या पैशांतून जेवढा वाटा भरला असेल, तेवढ्या वाट्याचं भाडं तिचं. त्यासाठी रक्कम तिच्या खात्यातून गेल्याचा पुरावा हवा.

१९. करार संपला, भाडेकरू जात नाही आणि भाडंही देत नाही. काय करू?

वीज-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका, सामान बाहेर ठेवू नका. त्या क्षणी तुमची बाजू लंगडी होते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्सच्या जागेचा ताबा मागण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. त्यासाठी नोंदणीकृत करार हातात हवा (प्रश्न ८).

या काळात भाड्याची रक्कम घ्यावी लागली तर वकिलाला विचारून आणि 'भरपाईपोटी, हक्क अबाधित ठेवून' असं लेखी कळवूनच घ्या. नाहीतर करार पुढे चालू राहिला असा दावा केला जाऊ शकतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी लेखी विचारणा करत जा. नूतनीकरण करायचं की घर सोडायचं, हे तेव्हाच कळतं.